बिनकामाची फेरी

आपल्या चळवळीने पाण्याचा हिशेब मांडला, देवळाचा मांडला, शाळेचा आणि नोकरीचा मांडला. हे हिशेब अजून पुरे झालेले नाहीत, आणि पुरे होईपर्यंत ते मांडतच राहिले पाहिजेत. परंतु एक हिशेब आपण हाती घेतलेलाच नाही, कारण तो फार किरकोळ वाटतो. काही काम नसताना, कोणी धाडलेले नसताना, केवळ मनाला वाटले म्हणून माणसाने घराबाहेर पडावे, एकट्याने किंवा चार सोबत्यांसह सायकलीवरून दोन तास भटकावे आणि परत यावे, एवढे साधे सुख आपल्या माणसाच्या वाट्याला केव्हा आले? त्याच्या आड कोण कोण उभे होते? आणि आज ते मिळत असेल तर कोणाकोणाच्या झगड्यातून मिळते आहे? मी नालासोपाऱ्यात राहतो, वसई तालुक्यातच शिकवतो आणि मला सायकल चालवायला आवडते. लेखाचे निमित्त एवढेच.

फिरणे आपल्याला नवे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. गावगाड्यात महाराइतका चालणारा दुसरा कोणी नव्हता. वेसकर म्हणून तो वेशीवर राबला, तराळ म्हणून त्याने गावभर हाका दिल्या, सरकारी टपाल पोचवले, अंमलदाराच्या घोड्यापुढे धाव घेतली, दुसऱ्याच्या घरच्या मर्तिकाची खबर घेऊन तो रात्री-अपरात्री परगावी गेला. त्याच्या पायांना विसावा नव्हता. पण त्यांतले एकही पाऊल त्याच्या मर्जीचे नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या राबणुकीविरुद्धच. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब आपल्यातून निघून गेले होते.

जो पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या कामाला चालला, त्याने स्वतःच्या आनंदासाठी चालावे हे गावाला रुचणारे नव्हते. ‘कुठं निघालास रं?’ हा वेशीवरचा प्रश्न म्हणजे साधी विचारपूस नव्हती. त्याला उत्तर द्यावे लागे, आणि त्या उत्तरात दुसऱ्या कोणाचे तरी काम असावे लागे. ‘असाच निघालो’ हे उत्तर मस्ती ठरे.

मौजेसाठी बाहेर पडण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न किती जुना आहे ते पाहायला मला घरापासून लांब जावे लागत नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. त्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्या जातीच्या नावाने लोकांनी ती जागा ध्यानात ठेवली होती. आत निघाले बुद्धमूर्ती आणि धातुकरंडक. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तुकड्यावर अक्षरे थोडीच उरली आहेत, पण हाच लेख गिरनार आणि इतर ठिकाणी आढळतो, त्यामुळे त्याचा आशय आपल्याला ठाऊक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तीत शिकार आणि तसल्याच करमणुकी असत, असे अशोक म्हणतो. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट, दान, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटणे आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे होते. राजाला यातच अधिक आनंद वाटू लागला, असेही तो नोंदवतो.

या लेखातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की विहार, म्हणजे मौजेखातर बाहेर पडणे, ही राजाची बाब होती. रयतेच्या विहाराची नोंद कोणत्याही दगडावर नाही. दुसरी गोष्ट अशी की अशोकाने आनंद नाकारला नाही. त्याने आनंदाचा विषय बदलला. शिकारीच्या जागी माणसांची भेट आणली. या दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

साध्या माणसाला मोकळी फेरी मारायची तर चार गोष्टी लागतात. वेळ लागतो, वाहन लागते, रस्ता लागतो आणि मन लागते. या चारही गोष्टींचा स्वतंत्र इतिहास आहे.

वेळेपासून सुरुवात करू. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित करून सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज वसई-विरारच्या रस्त्यांवर रविवारी सकाळी जे जे मौजेसाठी सायकल काढतात, ते कोणत्याही जातीचे असोत, एका सत्यशोधकाच्या आणि बाबासाहेबांच्या ऋणात आहेत. त्यांतल्या किती जणांना हे ऋण माहीत आहे, हा प्रश्न वेगळा.

पण कायद्याने दिलेला वेळ सगळ्यांच्या हाती पडला नाही. माझा बा अंधेरीला वॉचमन होता. बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी नाही, खाडा केला की पगार कापला. १९९५ साली आम्ही नालासोपाऱ्यात खोली घेतली आणि बाने स्टेशनापर्यंत जायला एक जुनी सायकल घेतली. खोली ते स्टेशनचा सायकल स्टँड, स्टँड ते खोली, एवढाच त्या सायकलीचा प्रवास वीस वर्षे झाला. कळंबचा समुद्र आमच्या खोलीपासून सायकलीने पाऊण तासावर आहे. बाने तो पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट वाहनाची. आपल्या आणि वाहनाच्या नात्यात चाळीसगावची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी ती लिहिली आहे. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये धुळ्याहून परतताना महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना चाळीसगावी एक रात्र थांबवून घेतले. स्टेशनावरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. महारवाड्यातला एक जण पुढे झाला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाला टांगा मिळाला, पण टांग्यावर बसलेला हात मिळाला नाही.

सायकलीचे मोल इथे कळते. तिला जनावर लागत नाही, हाकणारा लागत नाही, शेजारी बसणाऱ्याची संमती लागत नाही. बैलगाडीला बैलवाल्याची मर्जी लागते, टांग्याला टांगेवाल्याची, एसटीत शेजारच्याच्या कपाळावर आठी चढते. सायकलीवर स्वतःचे पाय आणि स्वतःचा तोल, एवढेच पुरते. दोन सारख्या चाकांची आणि साखळीची, आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास आली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला. त्या काळात कोणाच्या ध्यानीमनीही नसेल, पण जातीच्या समाजात हे यंत्र फार वेगळे काम करणार होते.

मात्र ते आपल्यापर्यंत पोचायला पाऊणशे वर्षे लागली. आधी ते साहेबाकडे आले, मग मुंबईच्या पारशांकडे आणि वकील-डॉक्टरांकडे. १९२३ साल पाहा. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनी ती पुरी केली आणि मार्च १९२८ मध्ये ते मुंबईत परतले. त्यांच्या धाडसाचे कौतुक केलेच पाहिजे. पण ते निघाले त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट १९२३ मध्ये, त्याच मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला होता. सरकारी पैशांतून बांधलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत, शाळांत आणि दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा, असा तो ठराव. एका शहरातून काही तरुण जगाला फेरी घालायला निघाले होते, आणि त्याच शहरात आमच्या माणसाला गावच्या पाण्यापर्यंत जाऊ द्यावे की नाही याची चर्चा चालली होती. मार्च १९२७ मध्ये आपण महाडच्या तळ्यापर्यंत पोचलो. ते तिघे तेव्हा प्रवासातच होते. त्यांची वाट लांबची होती. आपली अवघड होती.

स्वातंत्र्यानंतर सायकल देशात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. सायकल स्वस्त झाली तशी ती खेड्यात गेली. पण आपल्याकडे ती आली ती ओझ्याचे जनावर म्हणून. वसईतही असेच होते. वाडीतली केळी आणि भाजी, दुधाच्या बरण्या, पावाची टोपली, टपालाची पिशवी, सारे सायकलीवर लादून स्टेशनाकडे आणि दारोदार जाई. विरारहून मुंबईला उपनगरी गाडी १८६७ पासून आहे. त्या गाडीने या पट्ट्याला मुंबईच्या घड्याळाला बांधून टाकले आणि सायकल त्या घड्याळाची चाकरी करू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीवर डी सिकाने १९४८ साली काढलेला सायकलचोरीचा चित्रपट आपल्याकडच्या कष्टकऱ्यालाही समजतो तो यामुळेच. सायकल गेली की काम गेले. काम नसलेली सायकल त्याला ठाऊकच नव्हती.

तिसरी गोष्ट रस्त्याची. इथे मला माझ्या आज्याविषयी लिहिले पाहिजे. मराठवाड्यातल्या आमच्या गावाजवळच्या सडकेवर आजा मैलकुली होता. खड्डे बुजवणे, मुरूम पसरणे, कडेची झाडे जपणे हे त्याचे काम. नोकरीची जागा लांब म्हणून त्याने १९६६ च्या सुमारास जुनी सायकल विकत घेतली. सडकेवर तो ती चालवीत येई. वेस आली की खाली उतरे आणि सायकल हातात धरून पाटलाच्या वाड्यावरून, मारुतीच्या पारावरून वस्तीपर्यंत चालत जाई. कोणी लिहून दिलेला हुकूम नव्हता. फलक नव्हता. पण पारावर माणसे बसलेली असताना महाराने त्यांच्या डोक्याच्या वर बसून जायचे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. रस्ता ज्याने दुरुस्त करायचा त्याने त्यावरून बसून जायचे नाही, हा आपल्या देशातला न्याय.

१९७५ साली बा पंधरा वर्षांचा होता. एका संध्याकाळी तो आज्याची सायकल घेऊन निघाला आणि वेशीत उतरला नाही. पारावरून घंटी वाजवत गेला. दुसऱ्या दिवशी आज्याला बोलावणे आले. मारहाण झाली नाही. फक्त सगळ्यांसमोर विचारले, “पोराला कुठं जायची घाई झाली होती?” आजा म्हणाला, “चुकलं लेकराचं.” बा सांगतो की त्या एका वाक्याने त्याला जेवढे लागले तेवढे काठीने लागले नसते. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दंगली पेटल्या. त्यानंतर बाने गाव सोडले ते कायमचे.

ही एका घराची गोष्ट नाही. १९३० साली रामनाड जिल्ह्यात कळ्ळर लोकांनी अस्पृश्यांवर आठ बंधने लादली. त्यांतले एक असे की उन्हापावसात छत्री धरायची नाही आणि पायात वहाणा घालायच्या नाहीत. छत्री, वहाण, घोडा, सायकल या सर्व वस्तूंत एक समान गुण आहे. त्या माणसाला जमिनीपासून थोडे वर उचलतात, उन्हातून थोडे सोडवतात, आणि तो आपल्या मर्जीने चालला आहे असे दाखवतात. जातीला खटकते ते हेच. ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेची पाहणी करणारा घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आदींचा ग्रंथ २००६ साली आला. ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांच्या त्या पाहणीत सवर्ण वस्तीतून सायकलीवर बसून जायला मनाई असल्याची उदाहरणे आहेत. आणि कायद्याचेच पुस्तक उघडून पाहा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून अडवणे हा त्या दुरुस्तीने गुन्हा ठरला आहे. एकविसाव्या शतकात देशाच्या संसदेला ‘सायकल’ हा शब्द कायद्यात घालावा लागला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने १९५० सालीच रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा सर्वांना मोकळ्या केल्या होत्या. मग पासष्ट वर्षांनी सायकलीचे नाव वेगळे का घ्यावे लागले, याचे उत्तर आज्याच्या वेशीत आहे.

अमेरिकेतही असेच घडले. तिथल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने १८९४ साली काळ्या माणसांना सभासदत्व नाकारले. पाच वर्षांनी, १८९९ मध्ये, मेजर टेलर नावाच्या काळ्या सायकलपटूने माँट्रियलला जागतिक अजिंक्यपद जिंकले. चाकाला वर्ण कळत नाही. तो चाकावर बसणाऱ्यांना कळतो.

चौथी गोष्ट मनाची, आणि तीच सर्वांत अवघड. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते. आपण ही हकीकत नेहमी अन्यायाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती सहल होती, हे आपण विसरतो. माणसांनी ‘आपण कुठेतरी फिरायला जाऊ’ म्हटले आणि बाबासाहेबांसारखा कामात बुडालेला नेता त्यांच्याबरोबर निघाला. वेरूळची लेणी पाहायची होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून तिथले मुसलमान रहिवासी धावून आले. पुढे किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. अस्पृश्यता हिंदूंपुरती राहत नाही, हा निष्कर्ष बाबासाहेबांनी त्यातून काढला. मी त्याला एक लहानशी जोड देतो. ज्याला सहलीतही पहाऱ्याखाली हिंडावे लागते, त्याच्या मनात सहलीची इच्छाच हळूहळू मरते. पुढे पहारा उठला तरी इच्छा आपोआप परत येत नाही.

हे मी घरातच पाहिले. मी दहा वर्षांचा असताना तासाला दोन रुपये देऊन भाड्याची सायकल घेत असे. धाकटी बहीण पैसे मुठीत धरून दुकानापाशी उभी राही आणि मला चकरा मारताना पाही. तिला कोणी नको म्हटले नाही, तसे चालव असेही म्हटले नाही. माझ्याही मनात आले नाही. पारावरच्या माणसांनी आज्याला जे केले त्याचीच ही घरगुती आवृत्ती, हे कळायला मला एम. ए. व्हावे लागले. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली गेली. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यांच्याविषयी लिहिले आहे. त्या मोहिमेतल्या माणसांना एक गोष्ट नेमकी समजली होती. जी बाई एकटी कुठे जाऊ शकते, ती एकटी विचारही करू शकते.

आता माझ्या एका कार्यकर्त्या मित्राचा आक्षेप. तो म्हणाला, “गावोगाव अत्याचार होताहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडल्यात, आणि तू सायकलीच्या मौजेवर लेख लिहितोस? ही मध्यमवर्गीय चैन झाली.” आक्षेप खोटा नाही. पहाटे सहाला आमच्या रस्त्यावर दोन तऱ्हेचे सायकलस्वार दिसतात. एक हेल्मेट घातलेले, गियरच्या महाग सायकलींवरचे, अर्नाळ्याकडे किंवा वसईच्या किल्ल्याकडे जाणारे. दुसरे रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन आणि वाडीतली फुले-भाजी घेऊन निघालेले विक्रेते. दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. पहिल्यांच्या दुनियेत शिरणे हे आपले ध्येय असेल तर मित्राचे म्हणणे खरे आहे.

परंतु मौज आणि चळवळ यांच्यात वैर आहे, हे मला मान्य नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या समाजवादी कामगारांनी १८९४ साली क्लॅरियन सायकल क्लब काढला. सुट्टीच्या दिवशी ते मजेत खेड्यांकडे जात आणि पिशवीतली पत्रके वाटत. जर्मनीत १८९६ साली कामगारांचा ‘सॉलिडॅरिटी’ नावाचा सायकल संघ निघाला. नाझींनी सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यावर बंदी घातली. हुकूमशहाला कामगारांच्या सहलीची भीती वाटते, याचा अर्थ सहल पोकळ नसते. आपल्याकडे १९८३ साली कांशीराम यांच्या डी. एस. फोरच्या कार्यकर्त्यांनी सायकलींवरून अनेक राज्ये पालथी घातली. दोन पाय आणि दोन चाके एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले ते राजकारण होते. त्या वाटेवर ते गायले असतील, हसले असतील, झाडाखाली भाकरी सोडून बसले असतील. ते त्यांच्या कामातून वजा करायचे काय?

इथे मला सोपाऱ्याचा तो दगड आठवतो. अशोकाने शिकारीची यात्रा सोडली आणि माणसांच्या भेटीची यात्रा धरली, आणि त्यात अधिक आनंद आहे असे सांगितले. आपल्या भाषेत तर ‘विहार’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. मनमोकळे हिंडणे म्हणजे विहार, आणि आपण जिथे बुद्धापुढे बसतो तेही विहारच. हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याची आपल्याला गरज नाही. मुक्तीची व्याख्या आपण केवळ दुःखाच्या अभावाने करू लागलो तर पुढच्या पिढीला आपण फक्त जखमांची यादी देऊ. तिला आनंदाची वहिवाटही दिली पाहिजे. ज्या रस्त्यावर आपली माणसे नुसतीच, बिनकामाची, हसत हिंडू लागतात, तो रस्ता कायद्याच्या पुस्तकातून खाली उतरून खरा मोकळा होतो.

वसई-विरारमध्ये आज बारा लाखांहून अधिक माणसे राहतात; हा आकडा २०११ च्या शिरगणतीचाच आहे. त्यांतली फार मोठी संख्या गाव सोडून आलेल्यांची. २००९ साली इथे महानगरपालिका झाली. रस्ते रुंद झाले, वाहने वाढली, वाड्या कमी झाल्या, आणि सायकलवाल्याला कडेच्या गटारापर्यंत ढकलले गेले. किनाऱ्याकडच्या एका खासगी बंगल्यापाशी मी विद्यार्थी असताना सायकल टेकवून उभा होतो, तेव्हा राखणदाराने मला विचारले होते, “इकडे काय काम?” तो आमच्यासारखाच कोणीतरी होता. प्रश्न मात्र वेशीवरचाच होता. सायकलीला सुरक्षित जागा असलेला रस्ता आणि सर्वांना मोकळा किनारा ही मागणी म्हणून आपल्या मागण्यांच्या यादीत बसते. ती पर्यावरणवाद्यांवर सोपवून चालणार नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी बाला म्हणालो, “बा, चला समुद्रावर जाऊ. सायकलीनं.” तो आता निवृत्त झाला आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “तिकडं काय काम हाये?” मी म्हणालो, काही नाही. बहीणही निघाली. तिशी ओलांडल्यावर, दोनदा गुडघे फोडून घेऊन ती सायकल शिकली आहे. आम्ही तिघे स्तूपापाशी थांबलो. बाने चप्पल काढून हात जोडले. पुढे निर्मळच्या तळ्यावरून, नारळ-केळीच्या वाड्यांमधून कळंबकडे निघालो. ऊन कोवळे होते. बहीण सगळ्यांत पुढे होती आणि उगाचच घंटी वाजवत होती. बा सुरुवातीला कडेकडेने, माणूस दिसला की वेग कमी करत चालला होता. पुढे तोही रस्त्यावर मोकळा झाला.

सुरूच्या झाडांपाशी एक म्हातारी बाई भाजीची पाटी उतरवून बसली होती. तिने सहज, ओळख नसताना माणूस माणसाला विचारतो तसे विचारले, “कुठे निघालात?”

बाने ब्रेक लावला, एक पाय जमिनीला टेकवला आणि जरा वेळ विचार केला.

“कुठं न्हाई,” तो म्हणाला. “असंच निघालोय.”